कोंड्यावर घेतलेली स्पार्क

माझ्या भावाला, सोतवल्दीला, सगळा मोहल्ला हट्टी म्हणतो. मी म्हणते, हट्टी तर मी आहे. त्याच्यासाठी शब्दच अजून निघालेला नाही. त्याची बायको गेली तेव्हा मीही विधवाच होते, म्हणून बोचकं उचलून त्याच्या घरी आले, त्याच्या लेकीच्या, झुल्हुमोरच्या, वेण्या घालायला. तेव्हा ती पोर माझ्या कमरेला लागायची. गेल्या शरदात तिचं लग्न व्हायचं होतं, आणि ते मोडायला आलं होतं. कशावरून? गाडीच्या ढुंगणावरच्या बिल्ल्यावरून.

हसू नका. उझबेकिस्तानातल्या आमच्या असाकात गाडी हा हसण्याचा विषय नाही. गाड्यांचा कारखाना इथंच आहे. निम्मं गाव तिथं राबतं आणि उरलेलं निम्मं, आपली गाडी कधी मिळणार, म्हणून वाट बघत असतं. सोतवल्दीनं सगळं आयुष्य तिथंच काढलं. शेवटची कित्येक वर्षं त्याचं काम एकच होतं, तयार झालेल्या गाडीच्या पाठीवर नाव बसवायचं. साचा लावायचा, बिल्ल्याचा कागद सोलायचा, बिल्ला ठेवायचा आणि तळहातानं दाबून धरायचा. घरी जेवायला बसला तरी तळहात दस्तरखानावर दाबलेला असायचा त्याचा, सवयीनं.

छोटी गाडी एकच यायची पट्ट्यावरून. देशात राहणारी असेल तर तिला ‘स्पार्क’ लावायचं, रशियाकडे जाणारी असेल तर ‘आर-टू’. पत्रा तोच, चाकं तीच.

“नाव लागेपर्यंत ते नुसतं डबडं असतं ओपा,” तो मला म्हणायचा. ओपा म्हणजे आमच्यात ताई. “नाव लागलं की मग गाडी.”

“आणि मी चुलीवरून उतरवेपर्यंत पुलाव म्हणजे नुसते तांदूळ. हात धू आणि बस,” मी म्हणायचे.

दोनियोरचं स्थळ मीच आणलं. मुलगा रशियात, समारा शहरात बिघडलेली धुलाईयंत्रं दुरुस्त करायचा. शांत, नाकासमोर चालणारा. झुल्हुमोर बालवाडीत शिकवते. दोघांचं फोनवर जे काही चालायचं ते मला ऐकू येत नव्हतं असं मी दाखवायचे. त्याची आई मुअत्तर म्हणजे तोफ. नवरा बिचारा मान हलवण्यापुरता बरोबर येतो. उन्हाळ्यात ती मंडळी आमच्या अंगणात आली, म्हाताऱ्या मंडळींसमोर नान मोडला, म्हणजे सोयरीक पक्की झाली. आणि नानचा तुकडा हातात असताना ही बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “तुमची लेक या फाटकातून बाहेर पडेल ती स्वतःच्या स्पार्कमध्ये. पांढऱ्या. आमच्या घरची पहिली भेट!”

नान मोडताना बोललेला शब्द आमच्यात कोणी परत घेत नाही. सोतवल्दीची छाती तेव्हा जी फुगली ती फुगलीच. दुसऱ्या दिवशी चहाखान्यात जाऊन सांगून आला, “माझी पोरगी स्पार्कमधून जाणार. तिच्यावरचं नावही कदाचित माझ्याच हातचं असेल.” त्यानंतर भेटेल त्याला तेच. डाळिंब विकायला आलेल्या बाईलासुद्धा.

कापूस उतरून झाला, लग्न पुढच्या रविवारवर आलं, आणि एका दुपारी दोनियोर समाराहून आला. आला तो गाडी घेऊनच. कझाकांचा सगळा माळ ओलांडून, धुळीनं माखलेला, ओठ फुटलेला. घरी नंतर गेला, आधी आमच्या दारात आला बिचारा. झुल्हुमोर खिडकीच्या पडद्याआड, आणि पडदा असा हलतोय की वारं सुटल्यासारखा.

सोतवल्दी बाहेर गेला. पुढून बघितली, ठीक. पांढरी, ठीक. मग सावकाश मागं गेला आणि तिथंच थांबला.

“ही कुठली?” त्यानं विचारलं.

“आपलीच, दादा. असाकाचीच,” दोनियोर म्हणाला. आमच्याकडे बापाला दादा म्हणतात, आणि हा आतापासूनच म्हणायला लागला होता.

“मी विचारलं, ही कुठली. हिच्यावर आर-टू लिहिलंय.”

“तिथं स्पार्क मिळत नाही ना. तिथं हिलाच आर-टू म्हणतात.”

“म्हणजे ही स्पार्क नाही.”

“तीच आहे हो दादा!”

“मला शिकवतोस? स्पार्कवर स्पार्क लिहिलेलं असतं. नानवर स्पार्क म्हटलं होतं. स्पार्क येईल तेव्हा लग्न होईल.” आणि आत येऊन फाटक लावून घेतलं. पोरगा बाहेर, हातात किल्ली, तोंडात माळावरची धूळ.

वोय, मला असं वाटलं की लाटणं घेऊन त्या भावाच्या डोक्यात घालावं! मी फाटक उघडलं, दोनियोरला पाणी दिलं, तोंड धुवायला लावलं आणि घरी पाठवलं. संध्याकाळ व्हायच्या आत मुअत्तर हजर. आत येईना, फाटकाबाहेरूनच सुरू झाली.

“होसियत-ओपा, तुमच्या भावाला म्हणावं चष्मा बदल! माझ्या पोरानं स्पार्कच आणलीय. बिल्ला काय चाटायचाय का?”

“मला कशाला ओरडता? मी काय बिल्ला लावला?”

“नाहीतर मग सांगा सरळ, की मुलगी द्यायची नाही. माझ्या पोराला मुली चिकार आहेत. मांडवाचं मी उद्या रद्द करते!”

“करा की! मोठ्या आल्या!” माझ्या तोंडून गेलं. ती तणतणत गेली आणि मग मी जीभ चावली. ती बाई बोलते ते करते, ही मला माहीत असलेली गोष्ट.

चहाखान्यात तर त्या दिवशी दुसरा विषयच नाही. एक म्हणे, गाडी एक आणि नावं दोन, यात भांडायचं काय. दुसरा म्हणे, असं कसं, कारखाना वेगळं नाव देतो म्हणजे गाडी वेगळीच. तिसरा म्हणे, बाहेर पाठवतात तो माल चांगला असतो, सोतवल्दीनं उलट गूळ वाटावा. आमचा शेजारी तोलिब टॅक्सी चालवतो. तो म्हणाला, “मी दोन्ही चालवल्यात. एकीत ब्रेक जिथं आहे तिथंच दुसरीत आहे. मला एवढं पुरतं.” सोतवल्दी चहा तसाच ठेवून उठून आला.

दुसऱ्या दिवशी दोनियोरनं चूक केली. बिचाऱ्याला वाटलं उपाय सापडला. गाड्यांच्या बाजारात ‘स्पार्क’चा बिल्ला भाजीसारखा मिळतो. त्यानं एक घेतला, आर-टूच्या शेजारी चिकटवला आणि गाडी आणून दारात उभी केली. आयुष्यभर ज्या माणसानं बिल्ले चिकटवले, त्याच्या दारात! म्हणजे शिंप्याच्या घरी उसवलेला कुर्ता घालून जाण्यातला प्रकार.

सोतवल्दीनं वाकून बघितलं. “डावीकडे कललाय,” म्हणाला. मग नखानं कडा चाचपली. “आणि धूळ न पुसता लावलाय.” घरात जाऊन झुल्हुमोरचं केस वाळवायचं यंत्र घेऊन आला, तार फाटकातून ओढून बिल्ल्यावर गरम वारा सोडला, मासे पकडायच्या दोऱ्यानं तो अलगद कापून काढला आणि दोनियोरच्या तळहातावर ठेवला. “खोटं नाव लावून माझी पोरगी न्यायची नाही,” एवढंच बोलला. दोनियोरचे कान लाल झाले. तो गाडी तिथंच सोडून पायी गेला.

झुल्हुमोर स्वयंपाकघरात कणीक तिंबत होती. कसली तिंबत होती, बडवत होती.

“अम्मा,” ती मला म्हणाली. अम्मा म्हणजे आमच्यात आत्या. “मला गाडी नको. मी चालत जाते. अनवाणी जाते. दादांना सांगा.”

“तूच सांग.”

“मी बोलले तर भांडण होईल. तुम्ही विचारा त्यांना, उद्या सासरी कोणी मला दुसऱ्या नावानं हाक मारली तर मी दुसरी मुलगी का?” आणि ती रडायला लागली. कणकेचे हात डोळ्यांना लावता येईनात म्हणून तिनं माझ्या खांद्याला डोळे पुसले.

आणि मला एकदम आठवलं. मी दोन दिवस काय झोपले होते का!

मी तशीच अंगणात गेले. सोतवल्दी द्राक्षाच्या वेलाखाली बाजेवर बसला होता, समोर गार झालेला चहा. मी त्याच्यासमोर बसले.

“तुझं नाव काय रे?”

“डोकं फिरलंय का ओपा?”

“नाव सांग.”

“सोतवल्दी.”

“खोटं. तुझं नाव हबीबुल्लो. मी हजर होते ठेवलं तेव्हा. तू तान्हा होतास, अंगात सारखा ताप. दूध टिकत नव्हतं पोटात. आधीची दोन पोरं आईनं अशीच गमावली होती. मग तिनं काय केलं? तुला त्या खिडकीतून बाहेर दिलं, तोलिबच्या आईच्या, होजर-खालाच्या हातात. ती म्हणाली, हे पोर मी घेतलं. वाडगाभर गव्हाचा कोंडा दिला आईला. तो कोंड्याचा वाडगा मी धरला होता, या हातांत. मग आई फाटकातून बाहेर गेली आणि तिच्याकडून तोच कोंडा देऊन तुला विकत घेऊन आली. विकलं आणि घेतलं, म्हणून सोतवल्दी. आता तू सांग मला, आईनं खिडकीतून दिला तो एक आणि फाटकातून आणला तो दुसरा का? तुझ्या मांडीवरचा तीळ तोच होता. मी बघितला होता!”

मला वाटलं, झालं, आता याला बोलायला जागा नाही. पण माझा भाऊ तो. गार चहा त्यानं वेलाच्या मुळाशी ओतला.

“ओपा,” मग म्हणाला, “हबीबुल्लो जगला का?”

“म्हणजे?”

“दुखणं हबीबुल्लोला शोधत आलं, तर घरात हबीबुल्लो नव्हता, सोतवल्दी होता. म्हणून मी आहे. बरोबर? मग नावाला काही नाही असं कसं म्हणतेस? तूच तर सांगतेस की नावानं जीव वाचला.”

घ्या! माझंच लाकूड माझ्या पाठीत. मला असा राग आला की बाजेवरून उठलेच. पण त्याचा चेहरा बघितला आणि परत बसले.  बायकोला पुरून आला त्या दिवसानंतर मी तो कधी असा पाहिला नव्हता.

“तुला काय माहीत,” तो म्हणाला. “स्पार्क लावली की मला वाटायचं, ही दिसेल कधीतरी. बाजारात, कालव्यापाशी, कुठंतरी. आणि दिसायच्याही. आर-टू लावायचो ना, तेव्हा हात दाबतानाच कळायचं, ही गेली. मालगाडीवर चढवून घेऊन जायचे. एक परत आलेली बघितली नाही मी. आता तीच माझ्या दारात आलीय माझ्या पोरीला न्यायला. समाराला नेणार तो तिला. मी काय वर्षातून एकदा फोनवर तोंड बघायचं का तिचं? ह्या तळहातानं लावायचं नाव, आणि जा म्हणायचं?”

अरे देवा. हे होतं तर! गाडीचं नाही, बिल्ल्याचं नाही. एवढ्या दिवसांत हा माणूस मला हे सांगू शकला नाही, आणि मी तर त्याच्याच घरात राहते. मला रडूही आलं आणि त्याला दोन ठेवून द्याव्यात असंही वाटलं.

“तू त्याला विचारलंस का, समाराला नेणार का म्हणून?”

“मी कशाला विचारू? त्यानं सांगायला नको?”

“आणि त्यानं न विचारता कशाला सांगावं? दोघं एका मापाचे!”

मी तोलिबला पाठवलं दोनियोरला आणायला. तो आला तो आईला घेऊनच, आणि तिच्या मागोमाग बाप. ही बाई भांडणाच्या तयारीनं बाह्या सरसावून आलेली. मी तिला म्हटलं, विहीणबाई, घटकाभर तोंड मिटा, मग पाहिजे तेवढं उघडा. आणि नवल म्हणजे तिनं मिटलं.

“दोनियोर,” मी विचारलं, “लग्नानंतर कुठं राहणार तुम्ही?”

तो बघतच राहिला. “कुठं म्हणजे? इथंच. बाजारात गाळा घेतलाय मी, धुलाईयंत्रांच्या दुरुस्तीचा. समाराची खोली सोडली, हत्यारंपण सगळी गाडीत भरून आणलीत. आईनं सांगितलं नाही?”

“मला वाटलं तू सांगितलंस!” मुअत्तर म्हणाली.

“मला वाटलं झुल्हुमोरनं...”

“मला वाटलं अम्मांनी!” स्वयंपाकघरातून आवाज आला.

दोनियोर सोतवल्दीकडे वळला. “दादा, जायचं असतं तर गाडी इकडं कशाला आणली असती? तिथंच नसती का ठेवली? तिकडं बाजारात ही दिसली आणि मला वाटलं, ही आपल्या गावची आहे, हिला घरी न्यावं. माझ्या मनात तेवढंच होतं.”

सोतवल्दी तळहात गुडघ्यावर दाबून बसला होता. मग उठला आणि फाटकाबाहेर गेला. आम्ही सगळे मागोमाग. तो गाडीच्या मागं उभा राहून तो आर-टूचा बिल्ला बघत होता, नीट, जवळून. बोटानं त्याची कडा चाचपली.

“सरळ आहे,” म्हणाला. “माझ्या हातचा असेल.”

मला वाटलं आता मिटलं. कसलं काय!

“पण शब्द तो शब्द,” तो पुढं म्हणाला. “नानवर स्पार्क म्हटलं होतं. मी चार लोकांना सांगितलंय.”

“चार?” मुअत्तर म्हणाली. “चारशे!”

“मग आईनं केलं ते कर!” मी ओरडले. खरंच ओरडले, समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. “नाव बदलायची रीत आहे ना आपल्याकडे? खोटी का आहे ती? तू जगलास तिच्यावर! वीक हिला आणि घे!”

तोलिब लगेच घरात पळाला आणि कोंड्यानं भरलेला निळा वाडगा घेऊन आला. तो शपथेवर सांगतो की त्याच्या आईचा तोच वाडगा. असेलही. मी धरला होता तो मला मोठा वाटला होता, पण तेव्हा मीच लहान होते.

खिडकीतून गाडी जाणं शक्य नव्हतं, म्हणून फाटक. आम्ही ती आधी ढकलत अंगणात घेतली. मग दोनियोर आणि त्याच्या मुक्या बापानं ती मागं ढकलत बाहेर काढली. तोलिब रस्त्यात उभा.

“ही आर-टू मी घेतली,” तो मोठ्यानं म्हणाला आणि वाडगा सोतवल्दीच्या हातात दिला. “आता ही माझी.”

“घे बाबा. सुखात ठेव,” सोतवल्दी म्हणाला, आणि फाटक लोटलं. आम्ही आत, गाडी बाहेर. मुअत्तर माझ्याशेजारी, हसू दाबून दाबून तिच्या डोळ्यांत पाणी. मग त्यानं फाटक उघडलं, वाडगा हातात घेऊन बाहेर गेला. “तोलिब, तुझ्याकडे एक स्पार्क आहे म्हणे. विकतोस?”

“कोंडा किती देणार?”

“वाडगाभर.”

“कमी आहे. पण शेजारी आहात, घ्या.”

मग सोतवल्दीनं दोनियोरकडे हात केला. दोनियोरनं खिशातून मघाचा बिल्ला काढून दिला. सोतवल्दीनं मागचा गोंद सगळा खरवडून काढला, नवी चिकटपट्टी लावली, पत्रा ओल्या फडक्यानं पुसला, मग कोरड्यानं पुसला. साचा नव्हता, म्हणून दोरा ताणून धरायला दोनियोरला उभं केलं आणि बिल्ला ठेवला. आणि तळहात दाबून धरला, इतका वेळ की झुल्हुमोर बाहेर येऊन त्याच्या बाजूला उभी राहिली तरी त्यानं हात काढला नाही. तिनं आपला हात त्याच्या हातावर ठेवला. कणीक वाळली होती तिच्या बोटांवर.

आर-टू मात्र त्यानं काढला नाही. डावीकडे स्पार्क, उजवीकडे आर-टू.

“मग आता ही आहे तरी काय?” मुअत्तरनं विचारलं. “एक की दोन?”

“कारखान्यातून निघताना दोन असतात,” तो म्हणाला. “घरी आल्यावर एक.”

मोहल्ल्यातल्या पोरांनी तिसरंच नाव ठेवलं. ती गाडी रस्त्यानं जाते तेव्हा ओरडतात, “सोतवल्दी आली, सोतवल्दी आली!” माझा भाऊ रागावल्यासारखं करतो.

लग्न रविवारीच झालं. लग्नाचा पुलाव आमच्याकडे पहाटेच वाढतात, आणि तो असा जमला होता की मुअत्तरचा नवरा चक्क बोलला. म्हणाला, “छान.” झुल्हुमोर त्याच गाडीतून गेली, आणि सोतवल्दी फाटकाशी उभा राहून मागचे दोन्ही बिल्ले वळणाआड जाईपर्यंत बघत होता.

काही दिवसांनी, रिवाजाप्रमाणे, लेक-जावयाला आणि व्याह्यांना आम्ही पहिल्यांदा घरी बोलावलं. मी सकाळपासून सम्सा भाजतेय, आणि सोतवल्दीचा पत्ता नाही. बाहेर डोकावते तर हा फाटकात उभा. नवा कुर्ता, दाढी केलेली, आणि हातात कोंड्यानं काठोकाठ भरलेला वाडगा. कधीपासून उभा होता कोण जाणे. मी हाताचं पीठ पुसत त्याच्या मागं जाऊन उभी राहिले. 

गाडी आली. झुल्हुमोर स्वतः चालवत होती, शेजारी मुअत्तर, मागं बापलेक. गाडी थांबली तसा सोतवल्दी मुअत्तरच्या खिडकीपाशी गेला आणि वाडगा आत दिला.

“विहीणबाई,” तो म्हणाला, “संध्याकाळपर्यंत तरी.”

 मुअत्तरनं वाडगा मांडीवर घेतला, कोंड्यात बोटं घालून बघितली, आणि सुनेकडे वळून म्हणाली, “उतर गं. विकली मी तुला. रात्री राहायचं असेल तर तुझ्या दादांना सांग, आणखी एक वाडगा लागेल.”

“आहे,” सोतवल्दी म्हणाला. “आत पोतं आहे.”